देवळालीचे कापरेकर मास्तर आणि न संपणारा लूप

कागद आणि पेन घ्या. एक चार आकडी संख्या लिहा. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. आता तेच अंक उतरत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी संख्या बनवा, मग चढत्या क्रमाने लावून सर्वांत लहान बनवा आणि मोठीतून लहान वजा करा. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हेच करा. मग पुन्हा. मग पुन्हा...

कुठे थांबायचं ते मुद्दामच सांगितलेलं नाही. कारण एफईला लूप शिकताना सगळ्यांचं घोडं अडतं ते इथेच. काय करायचं ते कळतं, कधी थांबायचं ते कळत नाही. मग स्क्रीनवर आकड्यांचा धबधबा सुरू होतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच येत नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो आणि कुणीतरी येऊन कंट्रोल-सी दाबेपर्यंत आपण मशीनकडे बघत बसतो.

आपण उदाहरणासाठी १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या पायरीला ६१७४ आला. आता ६१७४ वर हेच करून बघा. ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४! पुढे कितीही वेळा केलं तरी तेच. तुम्ही सुरुवातीला कुठलीही संख्या घेतली असेल, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन पोचणार. पोचला नसाल तर वजाबाकी पुन्हा तपासा, चूक तिथे आहे.

१९०५ हे साल उगाच घेतलेलं नाही. त्या वर्षी १७ जानेवारीला डहाणू इथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ६१७४ ला जगभर कापरेकर कॉन्स्टंट म्हणतात तो त्यांच्याच नावावरून. इंग्लिश पुस्तकात हे नाव वाचलं की आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना वाटतं, असेल कुणी फॉरेनचा प्रोफेसर. पण हा माणूस आपल्या वेस्टर्न लाइनच्या टोकाचा, आणि प्रोफेसर नाही तर शाळामास्तर!

डहाणू, ठाणे, पुणे, देवळाली

अंधेरी-बोरिवलीवाल्यांना डहाणू आता परकं राहिलेलं नाही, २०१३ पासून लोकल तिथपर्यंत जाते. कापरेकरांचे वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषावर विश्वास ठेवा न ठेवा, पण पत्रिका मांडायची म्हणजे भरपूर आकडेमोड आली. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती वडिलांमुळे. कापरेकर आठ वर्षांचे असताना आई वारली आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढवलं.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. (मुलुंडकरांनो, तुमचं पुढचंच स्टेशन!) शाळेत असल्यापासून त्यांना अंकांची कोडी सोडवण्याचा नाद होता. तासन् तास त्यातच जायचे. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. फर्ग्युसन म्हटलं की रँग्लर परांजपे आठवतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. विद्यार्थ्यांनी गणितात स्वतः काही नवीन केलं तर त्यासाठी त्यांच्या नावाचं पारितोषिक होतं. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले.

इथे त्यांचं गणिताचं औपचारिक शिक्षण संपलं. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, कुठली रिसर्च इन्स्टिट्यूट नाही. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, तिथेच शिकवत राहिले.

देवळालीबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. ब्रिटिशांच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. नोकरी संपलेले गोरे सोल्जर इंग्लंडच्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन्महिने पडून राहायचे. काम काही नाही, तारीख माहीत नाही, रोज तेच. त्यात काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्लिशमध्ये डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणायला लागले. देवळालीचाच अपभ्रंश! म्हणजे बाहेर पडायची अट माहीत नसलेल्या लूपमध्ये अडकलं की माणसाचं काय होतं, ते या गावाच्या नावानेच इंग्लिश डिक्शनरीत जाऊन बसलंय. आणि त्याच गावात आपले मास्तर शाळा सुटल्यावर घरी येऊन संख्यांची तीच तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत बसायचे. फरक एवढाच की ते प्रत्येक फेरीचा आकडा लिहून ठेवत होते.

वहीतला ड्राय रन

६१७४ ची गोष्ट कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पुढे १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला.

१९४९ हे साल नीट लक्षात घ्या. भारतातला पहिला कॉम्प्युटर १९५५ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला. आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बांधलेला टिफ्रॅक सुरू झाला १९६० मध्ये. म्हणजे कापरेकरांनी जे काही केलं ते हाताने. आपण ज्याला ड्राय रन म्हणतो आणि जो ओरलमध्ये एक्स्टर्नलने विचारला की आपल्याला घाम फुटतो, तोच कापरेकरांचा छंद होता.

आणि म्हणूनच मला वाटतं, लूप शिकणाऱ्या प्रत्येकाने कापरेकरांची क्रिया एकदा तरी प्रोग्राम करून बघावी. दिसायला ती अगदी सोपी आहे. अंक सुटे करा, लावा, वजा करा, आणि उत्तर ६१७४ येत नाही तोपर्यंत व्हाइल लूप फिरवा. दहा-पंधरा ओळींचं काम. पण न संपणारे लूप ज्या ज्या कारणांनी होतात, त्यांतली बरीचशी इथे एका जागी भेटतात.

पहिलं कारण. समजा कुणी १११ला आणखी एक १ जोडून ११११ दिलं. मोठी संख्या ११११, लहानही ११११, वजाबाकी शून्य. पुढच्या फेरीलाही शून्य. त्याच्या पुढच्या फेरीलाही शून्य. लूप तर ६१७४ ची वाट बघतोय, आणि ६१७४ कधीच येणार नाही. देवळालीच्या सोल्जरची बोट जशी! इथे लूपमध्ये चूक काहीच नाही. चूक आत काय येऊ दिलं त्यात आहे. अंक सारखे नकोत ही अट लूपच्या आधी तपासायला हवी होती.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. १००० घ्या. १००० वजा ०००१ बरोबर ९९९. कागदावर कापरेकरांच्या पद्धतीने आपण हे ०९९९ असं लिहितो आणि पुढे जातो : ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच पायऱ्यांत काम झालं. पण प्रोग्राममध्ये आपण संख्या इंटमध्ये ठेवतो. दहाने भागून बाकी काढत अंक सुटे करतो, संख्या शून्य झाली की थांबतो. त्या बिचाऱ्या इंटला पुढच्या शून्याचा पत्ताच नसतो! त्याला तीनच अंक दिसतात, ९, ९ आणि ९. मग ९९९ वजा ९९९ शून्य, आणि पुन्हा तेच चक्र. यात वाईट गोष्ट अशी की बहुतेक संख्यांना हा प्रोग्राम बरोबर चालतो. १९०५ दिलं तर चालतो, १९४९ दिलं तर चालतो. २१११ किंवा १००० दिलं की अडकतो. त्यामुळे दोन-तीन इनपुट देऊन जर्नलमध्ये आउटपुट चिकटवलं की वाटतं झालं काम. उपाय साधा आहे. संख्या शून्य होईपर्यंत न थांबता अंक नेहमी चारच काढायचे.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार आहेतच. व्हाइलच्या कंसानंतर चुकून पडलेला सेमिकोलन, त्यामुळे लूपचं पोट रिकामं आणि तो जागच्या जागी फिरत राहतो. दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच दिलेलं, त्यामुळे तुलना व्हायच्या ऐवजी किंमत भरली जाते आणि अट कायमची खरी ठरते. किंवा वजाबाकीचं उत्तर वेगळ्याच व्हेरिएबलमध्ये ठेवून मूळ संख्या बदलायचीच राहून गेलेली. या सगळ्यांना इलाज एकच, आणि तो कापरेकरांचा आहे. प्रत्येक फेरीची किंमत लिहून काढायची. लूपच्या आत एक प्रिंटएफ टाका आणि पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचा. शून्य, शून्य, शून्य दिसलं की कळतं. १९०५, १९०५, १९०५ दिसलं की कळतं. काहीच दिसलं नाही की तेही कळतं, सेमिकोलन शोधा!

लूप संपेल हे आधी कसं कळणार?

आता खरा प्रश्न. चार आकडी संख्या सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचते हे खरं. पण दोन आकडी घेतली तर? ६३ घ्या. ६३ वजा ३६ म्हणजे २७. ७२ वजा २७ म्हणजे ४५. ५४ वजा ४५ म्हणजे ०९. ९० वजा ०९ म्हणजे ८१. ८१ वजा १८ म्हणजे... ६३! परत घरी. इथे कुठलाही एक थांबा नाही, पाच स्टेशनांची सर्क्युलर गाडी आहे. वेगवेगळे अंक असलेली कुठलीही दोन आकडी संख्या घ्या, ती याच गाडीत येऊन बसते. तीन आकडी संख्यांना थांबा मिळतो, तो ४९५. पाच आकड्यांना पुन्हा मिळत नाही, तिथे तीन वेगवेगळी चक्रं आहेत. त्यातलं सर्वांत छोटं दोनच संख्यांचं, ५३९५५ आणि ५९९९४. एकीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली, जन्मभर.

म्हणजे चार आकड्यांसाठी लिहिलेला प्रोग्राम कुणी उत्साहाने पाच आकड्यांना लावला, तर तो थांबण्यासाठी वाट कशाची बघणार? थांबण्याजोगी संख्याच नाही! इथे अट बदलून उपयोग नाही, विचार बदलायला हवा. अमुक संख्या आली का असं विचारण्याऐवजी, ही संख्या आपण आधी पाहिली आहे का असं विचारायचं. पाहिली असेल तर थांबा, कारण तीच संख्या पुन्हा आली की पुढचं सगळं पुन्हा तसंच होणार. पाच आकडी संख्या शेवटी मर्यादितच आहेत, त्यामुळे कधी ना कधी एखादी पुन्हा येणारच. एवढी मोठी यादी ठेवायची नसेल तर ससा आणि कासव सोडायची युक्ती आहे. कासव एका वेळी एक पायरी जातं, ससा दोन. रस्ता गोल असेल तर ससा मागून येऊन कासवाला गाठतोच. गाठलं की समजायचं, आपण चक्रात आहोत.

मग चार आकड्यांचं इतकं छान कसं जमतं? त्यासाठी सगळ्या ८९९१ संख्या तपासायची गरज नाही. (१००० ते ९९९९ या ९००० संख्या, त्यातून ११११, २२२२ वगैरे ९ गेल्या.) अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड आहेत असं धरा. मोठीतून लहान वजा केली की उत्तर येतं ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत. मोजून बघा, अशा जोड्या ५४ च होतात. पहिल्याच वजाबाकीत ८९९१ संख्या ५४ मध्ये गोळा होतात! त्या ५४ एका दुपारी वहीत करून बघता येतात, आणि सगळ्या ६१७४ ला मिळतात. झालं, सिद्ध.

हे असं नेहमीच जमतं असं मात्र नाही. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, असं करत गेलं की शेवटी १ येतो असं वाटतं. जर्मन गणिती कोलाट्झ यांच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो आणि भल्याभल्यांनी डोकं लावूनही तो अजून सुटलेला नाही. आणि ॲलन ट्युरिंगने तर १९३६ मध्येच दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी एकच सरसकट पद्धत असूच शकत नाही. तेव्हा आपला लूप का थांबत नाही हे कम्पायलर का सांगत नाही, अशी तक्रार करू नका. सरसकट सांगणं त्याला शक्यच नाही. ज्याचा लूप त्यानेच वहीत बसून बघायला हवं.

स्टेशनांच्या आणि गावाच्या नावाच्या संख्या

कापरेकर एकट्या ६१७४ वर थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून मिळवा, २० अधिक २५ बरोबर ४५. तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७. या कापरेकर संख्या. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते तिला त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून १८ हर्षद. आपला ६१७४ पण हर्षद आहे, अंकांची बेरीज १८ आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४.

सेंट्रलवाल्यांसाठी खास : १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो नंबर म्हटलं. या संख्यांचा विचार त्यांना सुचला तो जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनात, त्यावरून हे नाव! घाटकोपरहून रोज डोंबिवली लोकलला लटकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आणि मग देवळाली नंबर, ज्यांना सेल्फ नंबरही म्हणतात. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४ वरून ३०, मग ३३, ३९, ५१, ५७... ही गाडी कधीच थांबत नाही आणि कधीच मागे येत नाही, कारण प्रत्येक वेळी काहीतरी मिळतंच. हा खरोखरचा न संपणारा लूप, आणि यात चूक काही नाही! काही ठिकाणी दोन गाड्या एकत्र येतात. ९१ वरूनही १०१ येतो आणि १०० वरूनही १०१ येतो. त्याला कापरेकर जंक्शन नंबर म्हणायचे. कल्याणला कसारा आणि कर्जतच्या गाड्या मिळतात ना, तसं. आणि काही संख्या अशा, की तिथे कुठूनच गाडी येत नाही, तिथून फक्त सुटते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... यांना कुणी जन्म देत नाही, त्या स्वयंभू. त्यांना मास्तरांनी आपल्या गावाचं नाव दिलं.

हसणारे आणि वाचणारे

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, छान आहे, पण याचा उपयोग काय? हा प्रश्न कापरेकरांना आयुष्यभर चिकटलेला होता. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. ते साहजिकही होतं. मोठमोठी थिअरम्स नाहीत, अवघड सिद्धता नाहीत, आणि नावापुढे डिग्री पण नाही. त्यांचे लेख मोठ्या जर्नल्समध्ये क्वचितच आले. जे छापून येत नव्हतं त्याच्या पुस्तिका ते स्वतःच छापून घ्यायचे आणि त्यावर प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव आणि देवळालीचा पत्ता असायचा. शाळामास्तरच्या पगारात हे करणं म्हणजे काय, याचा विचार करा. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून त्यांना थोडं वार्षिक अनुदान मिळालं, तेवढाच आधार.

१९६२ मध्ये निवृत्ती. १९६६ मध्ये पत्नीचं निधन. ते अगदी साधे राहायचे, गरजा कमी, पण पेन्शन तेवढ्यालाही पुरेना. साठी उलटल्यावर हा माणूस गणित आणि सायन्सच्या शिकवण्या घेऊन दिवस काढत होता. आपण इथे थोडं थांबायला हवं. कारण छंदासाठी जगणारा अवलिया वगैरे म्हणून टाळ्या वाजवणं सोपं असतं, पण महिनाअखेरीला भाडं आणि किराणा हर्षद संख्यांनी भागत नाही. कॅम्पस प्लेसमेंटच्या वर्षाला आपल्यालाही घरचे हेच सांगत असतात, आणि ते खोटं नसतं.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं. हे सदर जगभर वाचलं जायचं. ज्यांना आपल्याकडे मास्तर म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यांच्या संख्यांवर ठिकठिकाणचे गणिती आणि कॉम्प्युटरवाले काम करायला लागले. मद्रासच्या परिषदेला तोवर २६ वर्षं झाली होती आणि कापरेकर सत्तरीला आले होते. १९८६ मध्ये देवळालीला ते वारले.

१९८६ पण करून बघा. पहिल्याच पायरीला ८१७२ येतो, आणि हाच ८१७२ आपल्याला १९०५ च्या दुसऱ्या पायरीला भेटला होता. तिथून पुढे दोन्ही वर्षांचा रस्ता एकच.

मग उपयोग काय?

कापरेकरांना दुसरा रामानुजन वगैरे म्हणायची काही गरज नाही. ते तसे नव्हते. रामानुजन यांच्या कामावर आजही मोठमोठे गणिती आयुष्य घालवतात. कापरेकरांचं काम बरंचसं एखाद्या हुशार शाळकरी मुलालाही कळेल असं आहे. पण मला हीच त्याची किंमत वाटते. प्रोग्रामिंग नुकतंच शिकणाऱ्याला असेच प्रश्न लागतात. आत शिरायला दार उघडं, पण आत गेल्यावर विचार करायलाच लागतो. म्हणून कापरेकर कॉन्स्टंट, कापरेकर नंबर, हर्षद नंबर आज देशोदेशीच्या प्रोग्रामिंगच्या सरावात दिसतात. ज्या काळात इथे कॉम्प्युटर नव्हता त्या काळात देवळालीच्या एका मास्तरने पुढच्या पिढ्यांच्या लूपसाठी होमवर्क लिहून ठेवला होता, असंच म्हणायचं.

दुसरी गोष्ट त्यांच्या पुस्तिकांची. लूप चालू आहे पण प्रिंट काहीच करत नाही, असा प्रोग्राम बाहेरून बघणाऱ्याला हँग झालेलाच वाटतो. कापरेकरांनी नुसतं मनात करून सोडून दिलं असतं, तर तेही देवळालीतले एक विक्षिप्त मास्तर एवढेच राहिले असते. पण प्रत्येक फेरीला त्यांनी आउटपुट दिलं. परिषदेत मांडलं, परदेशी पाठवलं, नाही घेतलं तर स्वतःच्या पैशाने छापलं. म्हणून ते गार्डनरपर्यंत पोचलं. आपल्यापैकी अनेक जण सिलॅबसच्या बाहेरचं काहीतरी करत असतात. कुणी रोबो बनवतं, कुणी गेम लिहितं, कुणाची वही कोड्यांनी भरलेली असते. मग सबमिशन येतं, ओरल येते, के.टी. येते, पुन्हा सबमिशन येतं आणि ते सगळं पेनड्राइव्हमध्ये पडून राहतं. कापरेकरांसारखं आयुष्य वाहून टाकायला सगळ्यांना जमणार नाही, त्याची किंमत त्यांनी काय दिली ते वर लिहिलंच आहे. पण जे केलं ते चार लोकांना दिसेल असं बाहेर ठेवणं, हे नोकरी करतानाही जमतं. त्यांनी ते ३२ वर्षं शाळेची नोकरी सांभाळूनच केलं.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला लूप अडकला तर लगेच कंट्रोल-सी दाबून सगळा कोड पुन्हा टाइप करायला घेऊ नका, आणि शेजारच्याचा कॉपीही करू नका. वही काढा. पहिल्या फेरीला काय आहे, दुसऱ्या फेरीला काय बदललं, थांबायच्या अटीच्या आपण जवळ जातोय की लांब, एवढं लिहून बघा. सवय म्हणून आपल्या जन्मवर्षापासून सुरुवात करा. त्यानंतर रोल नंबर चार आकडी करून घ्या, पुढची शून्यं धरून. ती शून्यं विसरलात तर काय होतं, ते आता तुम्हाला माहीत आहेच!